मातीतल्या सूक्ष्मजीवांचे नेटवर्क: दर वेळी गुंतवळच का हाती येते?

लक्षण ओळखीचे आहे. १६एस (जीवाणू ओळखायचे जनुक) सिक्वेन्सिंगचा तक्ता, म्हणजे कुठल्या नमुन्यात कोणता जीव किती, हातात आला, आर या संख्याशास्त्राच्या भाषेत स्पिअरमन (क्रमांवर आधारलेले) सहसंबंध काढले, ०.६ चा कट-ऑफ लावला, फाइल जेफी या नेटवर्क रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि पडद्यावर नुसती गुंतवळ. सात-आठशे नोड (एकेक जीव), त्यांच्यात हजारो दुवे (कट-ऑफच्या वरचे सहसंबंध), आणि कुठला गट कुठे संपतो याचा पत्ता नाही. कट-ऑफ ०.८ वर नेला की चित्र देखणे होते. पण चार नमुने वगळून तेच पुन्हा चालवले की बरेचसे दुवे बदलतात, आणि काल ज्याला ‘हब’, म्हणजे भरपूर दुव्यांचा नोड, म्हटले तो आज कडेला जाऊन बसलेला असतो. पुढच्या हंगामाचा डेटा आला की पुन्हा पहिल्यापासून तेच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे चित्र मनासारखे दिसेपर्यंत कट-ऑफ खाली-वर करत राहणे. त्याने काहीच दुरुस्त होत नाही. बिघाड बहुधा सहसंबंध काढायच्या आधीच होऊन गेलेला असतो: कुठले नमुने एकत्र केले, आकडे नेमके कशाचे आहेत, तक्त्यात शून्ये किती आहेत. म्हणून आधी ते तपासा. कट-ऑफला हात नंतर.

आधी तक्ता ढवळून पाहा

ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. रीड्सचा (यंत्राने वाचलेल्या डीएनए तुकड्यांच्या मोजणीचा) मूळ तक्ता घ्या आणि प्रत्येक टॅक्सॉनचे (जीवाच्या प्रकाराचे) आकडे नमुन्यांमध्ये स्वतंत्रपणे ढवळा. टॅक्सॉनची एकूण मोजणी तीच राहते, पण कोण कोणाबरोबर आले ही माहिती पूर्ण पुसली जाते. आता या ढवळलेल्या तक्त्यावर तुमची नेहमीची सगळी पावले जशीच्या तशी चालवा: गाळणी (दुर्मीळ टॅक्सा काढणे), नॉर्मलायझेशन (नमुने तुलनेच्या पातळीवर आणणे), सहसंबंध, कट-ऑफ. ढवळणे नॉर्मलायझेशनच्या आधी करायचे हे लक्षात ठेवा. नंतर ढवळले तर टक्केवारीमुळे होणारा घोळ झाकला जातो आणि चाचणी फुकट जाते.

खऱ्या तक्त्यातून समजा ८,००० दुवे आले आणि ढवळलेल्यातून ६,०००. म्हणजे ते ६,००० मातीने दिलेले नाहीत, तुमच्या कार्यपद्धतीने तयार केलेले आहेत. एकदा ढवळून थांबू नका. शंभरेक वेळा करा आणि दुव्यांच्या संख्येचा पट्टा केवढा येतो ते बघा.

दुसरी चाचणी याहून बोलकी आहे, आणि ती फारसे कोणी करत नाही. या वेळी आकडे सगळ्या नमुन्यांत न ढवळता फक्त गटाच्या आत ढवळा. जंगलातल्या मातीचे जंगलात, नांगरलेल्या मातीचे नांगरलेल्यात. किंवा वरच्या थराचे वरच्या थरात, खालच्याचे खालच्यात. असे केल्यावर गटागटांतला फरक शाबूत राहतो, पण गटाच्या आतली सोबत नष्ट होते. तरीही नेटवर्क जवळपास तेवढेच दाट आले, तर तुम्ही ‘दोन मात्या वेगळ्या आहेत’ एवढीच गोष्ट हजारो रेघांनी लिहून काढली आहे.

पहिल्या चाचणीत नापास झालात तर लगेच खालचे दोन भाग वाचा. दुसरीत नापास झालात तर सामूच्या (पीएचच्या) भागाकडे जा. दोन्हीत पास झालात आणि तरी गुंता आहे, तर शून्ये आणि तुकडे तपासा.

नमुने मूठभर, जोड्या लाखो

१,००० टॅक्सा असतील तर जोड्या होतात ४,९९,५००. त्यांच्यात खरा संबंध मुळीच नसला तरी पी (निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता) ०.०१ च्या आत येणाऱ्या सुमारे ५,००० जोड्या निव्वळ योगायोगाने मिळतील. त्यामुळे बहुचाचणी दुरुस्ती, निदान बेंजामिनी-हॉचबर्ग, लावावीच लागते. हे बहुतेकांना माहीत असते. निसटते ते पुढचे.

०.६ हा कट-ऑफ अनेकांनी २०१२ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासावरून उचलला. अल्बर्ट बार्बेरान आणि सहकाऱ्यांनी मातीच्या जीवाणू समुदायांवर सहअस्तित्वाचे नेटवर्क काढले तेव्हा स्पिअरमन ०.६ च्या वर आणि पी ०.०१ च्या खाली अशी अट ठेवली होती. त्यांच्याकडे नमुने होते १५१. तोच ०.६ आता ८-९ नमुन्यांच्या प्रयोगातही डोळे झाकून लावला जातो. हिशेब करून पाहा: ६० नमुन्यांत ०.६ चा सहसंबंध योगायोगाने येणे इतके दुर्मीळ आहे की पाच लाख जोड्यांत एखादीही क्वचितच सापडेल. ८ नमुन्यांत मात्र ०.६ ला पी ०.१ च्याही वर जातो, म्हणजे पाच लाख जोड्यांत नुसत्या योगायोगाचे दुवे ५० हजारांहून जास्त. कट-ऑफ तोच, अर्थ पार वेगळा.

त्यातही नमुना कशाला म्हणायचे ते पाहा. १० प्लॉट, प्रत्येकातून ३ उपनमुने, म्हणून ३० नमुने, असा हिशेब सर्रास होतो. एकाच प्लॉटमधले तीन उपनमुने एकमेकांसारखे असणारच. ते तीन स्वतंत्र साक्षीदार नाहीत. आधी प्लॉटपुरते एकत्र करा आणि मग मोजा. १० राहिले तर १०.

स्वतंत्र नमुने २५-३० च्या खाली असतील तर मी नेटवर्कच्या वाटेला जात नाही. पीसीओए (नमुन्यांतले साम्य नकाशासारखे मांडणे), परमानोव्हा (गटांतल्या फरकाची चाचणी) आणि गटागणिक फरक यांतून त्या डेटातून जे निघायचे ते नीट निघते. काढायचेच असेल तर टॅक्सा कमी करा: किमान एक-तृतीयांश नमुन्यांत दिसणारेच ठेवा. हजाराचे दीडशे झाले की जोड्या ११,१७५ वर येतात. बाकीचे टॅक्सा फेकू मात्र नका. त्यांची बेरीज ‘इतर’ नावाच्या एका रकान्यात ठेवा. का, ते पुढे येते.

दोन नेटवर्कची तुलना करणार असाल तर नमुन्यांची संख्या सारखी करणे सक्तीचे आहे. एका बाजूला ४० नमुने आणि दुसऱ्या बाजूला १२ घेऊन ‘सेंद्रिय शेतातले नेटवर्क अधिक गुंतागुंतीचे’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध काही कमी नाहीत. ४० मधून १२-१२ चे गट वारंवार काढून नेटवर्क बनवा आणि तो पट्टा दुसऱ्या बाजूच्या १२ शी ताडून पाहा. बऱ्याचदा फरक तिथेच विरघळतो.

टक्केवारीचा घोळ

सिक्वेन्सिंग यंत्र मातीत किती जीवाणू होते ते मोजत नाही. त्यातून ठरावीक रीड्स बाहेर पडतात आणि त्यांत कोणाचा वाटा किती, एवढेच कळते. वाट्यांची बेरीज कायम १००. एकाचा वाढला की बाकीच्यांचा घटल्यावाचून राहत नाही.

चारच टॅक्सा घेऊ: क, ख, ग, घ. एका ग्रॅम मातीत प्रत्येकी १ कोटी पेशी, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के. माती ओली झाली, क वाढून ७ कोटींवर गेला, बाकी तिघे जिथल्या तिथे. आता एकूण १० कोटी, आणि टक्केवारी ७०, १०, १०, १०. ख, ग, घ यांचे प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. तरी तक्त्यात तिघेही एकदम २५ वरून १० वर आले. असे काही ओले आणि काही सुके नमुने एकत्र केले की ख-ग, ग-घ, ख-घ असे तीन घट्ट धन दुवे आणि क शी तीन घट्ट ऋण दुवे. सहाच्या सहा खोटे.

गुणोत्तरांमधून असे भ्रामक सहसंबंध उपजतात हे कार्ल पिअर्सन यांनी १८९७ मध्येच दाखवून दिले होते. जॉन एचिसन यांनी १९८० च्या दशकात त्यावर लॉग-गुणोत्तरांचा मार्ग बांधला. वरच्या उदाहरणात ख भागिले ग हे आधीही १ होते, नंतरही १ आहे. गुणोत्तर फसत नाही. सीएलआर रूपांतर याच कल्पनेवर चालते: प्रत्येक टॅक्सॉनला त्याच नमुन्याच्या भूमितीय सरासरीने भागायचे आणि लॉग घ्यायचा.

पण सीएलआर लावला म्हणजे झाले असे नाही. वरच्या चार टॅक्सांवर तो लावून पाहा. क सातपट झाल्यामुळे भूमितीय सरासरी १ कोटीवरून साधारण १.६३ कोटींवर जाते, आणि ख, ग, घ यांचे मूल्य ० वरून उणे ०.४९ पर्यंत पुन्हा एकदम घसरते. खोटे दुवे जिवंतच. हेच ५०० टॅक्सांच्या तक्त्यात घडले तर एकट्या क मुळे भूमितीय सरासरी अर्धा टक्काही हलत नाही आणि घोळ मिटतो. थोडक्यात, सीएलआरला विविधता लागते. मातीत ती असते, पण आपणच संघ किंवा वर्ग अशा वर्गीकरणाच्या वरच्या पातळीवर सगळे गोळा करून १५-२० नोड उरवतो आणि त्या औषधाचा गुण घालवतो. तोच प्रकार कडक गाळणीचा. म्हणून रूपांतर आधी पूर्ण तक्त्यावर करा, किंवा निदान तो ‘इतर’चा रकाना ठेवा, आणि मग नको ते टॅक्सा काढा.

तयार साधने आहेत. जोनाथन फ्रीडमन आणि एरिक आल्म यांचे २०१२ चे स्पार-सीसी लॉग-गुणोत्तरांच्या चढउतारावरून सहसंबंधाचा अंदाज बांधते. बहुतेक जोड्यांत संबंध नसतो हे ते गृहीत धरते. २०१५ चे स्पीक-ईझी एक पाऊल पुढे जाते. ते सीएलआरनंतर सशर्त संबंध शोधते, म्हणजे बाकी सगळे टॅक्सा हिशेबात धरूनही या दोघांत काही उरते का ते पाहते. क मुळे ख आणि क मुळे ग हलत असतील तर ख-ग हा दुवा तिथे गळून पडतो. गुंतवळ सुटण्यात या एका बदलाचा वाटा मोठा असतो.

रेअरफॅक्शन हा यावरचा उपाय नाही. सगळ्यांचे रीड्स १०,००० वर आणले तरी वाटे ते वाटेच. प्रत्यक्ष संख्या हवी असेल तर प्रत्येक नमुन्याची क्यूपीसीआरने १६एस प्रतींची मोजणी करा, किंवा डीएनए काढण्याआधी बाहेरचा ठरावीक डीएनए मिसळा. हे प्रयोगशाळेत आधीच केलेले असावे लागते. नंतर सॉफ्टवेअरमधून ते उगवत नाही.

शून्ये

मातीच्या एएसव्ही (नेमक्या अनुक्रमानुसार वेगळे केलेले प्रकार) तक्त्यात निम्म्याहून जास्त नोंदी शून्य असणे नवे नाही. शून्याचे अर्थ दोन: जीव नव्हता, किंवा होता पण रीड्स अपुरे पडले. स्पिअरमनला हा फरक कळत नाही; त्याच्या लेखी शून्य-शून्य ही दोघांची सहमती.

ही सहमती किती फसवी असते ते आकड्यांत बघा. नमुने ६०. दोन टॅक्सा, दोन्ही त्याच ६ नमुन्यांत आढळतात, उरलेल्या ५४ त दोघेही शून्य. त्या ६ नमुन्यांत दोघांचा क्रम बरोब्बर उलटा आहे: एक जिथे सर्वांत जास्त, तिथे दुसरा सर्वांत कमी. स्पिअरमन किती येईल? ०.९९. दोघे जिथे खरोखर एकत्र आहेत तिथे पूर्ण विरोधी वागतात, आणि नेटवर्कमध्ये त्यांच्यातली रेघ सर्वांत जाड. कट-ऑफ ०.८ वर नेल्यावर देखणे चित्र उरते ते बऱ्याचदा अशाच दुर्मीळ जोड्यांचे असते, हे मला त्या उपायातले सर्वांत धोकादायक अंग वाटते.

तपासणी सोपी आहे. सर्वांत घट्ट २० दुवे काढा आणि प्रत्येकाचा साधा बिंदू-आलेख हाताने काढून पाहा. मूळबिंदूवर बिंदूंचा ढीग आणि लांब कोपऱ्यात पाच-सहा बिंदू असे दिसले की समजा. उपाय म्हणजे आढळाची गाळणी, किंवा दोघेही शून्य असलेले नमुने सोडून सहसंबंध पुन्हा काढणे आणि त्यात पुरेसे नमुने उरतात का ते बघणे. सीएलआरसाठी शून्याच्या जागी छोटा आकडा भरावाच लागतो. तो १ भरला काय आणि ०.५ भरला काय, दुवे तेच राहिले पाहिजेत. दोन्ही करून बघा. जे बदलतात ते शून्यांच्या जोरावर उभे आहेत, ते काढा.

सामू, खोली आणि बाकीचे पडद्यामागचे सूत्रधार

नोआ फिरर आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी २००६ मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींचा अभ्यास मांडला. जीवाणूंच्या विविधतेचा अंदाज तापमानावरून किंवा अक्षांशावरून नव्हे, तर मातीच्या सामूवरून सर्वांत चांगला बांधता येतो, हा त्याचा गाभा. नेटवर्क काढणाऱ्यासाठी याचा अर्थ जरा कडू आहे. नमुन्यांत सामू ४.५ पासून ८ पर्यंत पसरलेला असेल, तर आम्लप्रिय सगळे एकमेकांना जोडले जातील, विम्लप्रिय सगळे एकमेकांना, आणि या दोन टोळ्यांमध्ये ऋण दुव्यांचे रान माजेल. यात कोणाचा कोणाशी काडीचा संबंध असण्याची गरज नाही. सगळे आपापल्या जागी सामूचे ऐकत असतात.

हे ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. प्रत्येक नोडचा सामूशी सहसंबंध काढा आणि त्या मूल्याप्रमाणे नोड रंगवा. एक मॉड्यूल (आपसात घट्ट जोडलेल्या नोडचा गट) सगळे लाल आणि दुसरे सगळे निळे झाले, तर तुमचे ‘कार्यात्मक गट’ म्हणजे सामूपट्टीची दोन टोके आहेत. हेच ओलावा, सेंद्रिय कर्ब, खोली आणि हंगाम यांच्यासाठी करा. खोलीचा फटका तर हमखास बसतो: ०-१० सेंटिमीटर आणि ३०-४० सेंटिमीटर थरांतले नमुने एकाच तक्त्यात टाकले की प्राणवायू आणि कर्ब यांतला फरकच नेटवर्क होऊन समोर येतो.

संघ पातळीवर रंगवू नका, एवढी एक सूचना. ॲसिडोबॅक्टेरिया घ्या. नावावरून सगळे आम्लप्रेमी वाटतात, पण त्यांचा उपगट १ सामू वाढला की घटतो आणि उपगट ६ वाढतो. दोन्ही एका नोडमध्ये कोंबले की उरते ती दोघांची काटाकाटी.

उपाय तीन, आणि माझी पसंती शेवटच्याला. पहिला, गट वेगळे करा आणि प्रत्येकाचे नेटवर्क वेगळे काढा. यात नमुने कमी पडण्याचा त्रास परत येतो. दुसरा, सीएलआर मूल्यांतून सामूचा परिणाम वजा करा आणि उरलेल्यावर नेटवर्क काढा. इथे सरळ रेषेचे प्रतिगमन वापरून बरेच जण फसतात. जीवाणूंचा सामूला प्रतिसाद बहुधा उंचवट्यासारखा असतो: मध्येच कुठेतरी शिखर, दोन्ही बाजूंना उतार. सरळ रेषा अशा उंचवट्यातले काहीच काढत नाही, म्हणून निदान सामूचे वर्गपद त्यात घाला. फ्लॅशवीव्हसारख्या साधनात सामू, ओलावा वगैरे घटक नोड म्हणूनच आत देता येतात, तेही चालते. यातली मेख अशी की काही जीव स्वतःच सामू बदलतात. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे जीवाणू आम्लता वाढवतात. त्यांच्या बाबतीत सामू वजा केला तर खऱ्या कामाचाच काही भाग धुऊन जातो.

तिसरा मार्ग: प्रत्येक ठिकाणचे नेटवर्क स्वतंत्र काढायचे, कितीही कच्चे असो, आणि वेगवेगळ्या ठिकाणी त्याच चिन्हासह पुन्हा पुन्हा येणारे दुवे तेवढे ठेवायचे. पाच ठिकाणांपैकी चारांत धन आलेला दुवा, एका मोठ्या भेसळ तक्त्यातल्या ०.९ पेक्षा जास्त विश्वासाचा.

तुकडे, बॅच आणि मेलेल्यांचा डीएनए

हे पटापट तपासून होते. नेटवर्कमध्ये तीन-चार नोडचे घट्ट गोळके दिसत असतील, त्यांचे वर्गीकरण एकच असेल आणि त्यांच्या अनुक्रमांत एक-दोन अक्षरांचाच फरक असेल, तर तो बहुधा एकच जीव आहे. जीवाणूंच्या जनुकसंचात १६एसच्या एकाहून जास्त प्रती असू शकतात (इ. कोलायमध्ये ७), आणि त्या तंतोतंत सारख्या नसल्या की एकाच जीवाचे दोन-तीन एएसव्ही होतात. त्यांच्यातला सहसंबंध ०.९५ च्या वर जाणारच. त्यांना एकत्र करा.

दोन सिक्वेन्सिंग रन किंवा दोन वेगळ्या किटने काढलेला डीएनए एकत्र केला असेल, तर नोडऐवजी नमुने रनप्रमाणे रंगवून पीसीओए बघा. रन वेगळे पडत असतील तर नेटवर्क थांबवा. खोल थरांतल्या कमी जीवभाराच्या मातीत अभिकर्मकांतून आलेल्या डीएनएचाही संशय घ्या. ब्रॅडीरायझोबियम हे मातीतले अस्सल नाव किटमधून येणाऱ्या दूषकांच्या यादीतही आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून सुटका होत नाही. रिकाम्या नियंत्रण नमुन्यांशीच ताडावे लागते.

मातीचा म्हणून एक खास त्रास: मेलेल्या पेशींचा डीएनए मातीत टिकून राहतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मातीतल्या जीवाणू आणि बुरशींच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के असा अवशिष्ट निघाला होता. आठवड्यागणिक बदल पाहणाऱ्या नेटवर्कला हे चांगलेच भोवते, कारण गेल्या हंगामातला रहिवासी अजून हजेरीपटावर असतो.

जीवाणू आणि बुरशी एकत्र घेणार असाल तर १६एस आणि आयटीएसचे (बुरशी ओळखायच्या डीएनए भागाचे) तक्ते आधी चिकटवू नका. दोन्हींच्या रीड्सची बेरीज एकमेकांशी निगडित नाही. सीएलआर दोन्हींवर वेगवेगळा करा, मग रकाने जोडा.

तेच चालवले तरी वेगळे येते

आधी वेगळे काय येते ते ठरवा. फक्त चित्र बदलत असेल तर काळजी नको: फ्रुश्टरमान-राइनगोल्डसारखी मांडणी दर वेळी यादृच्छिक जागेपासून सुरू होते. मॉड्यूलची संख्या ९ ची ११ झाली, तर मॉड्यूल शोधणाऱ्या लूव्हां पद्धतीत नोड घेण्याच्या क्रमाने फरक पडतो. बीज आकडा (यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा, सीड) ठरवून द्या आणि अनेक वेळा चालवून कुठले नोड कायम एकत्र राहतात ते बघा. दुवेच बदलत असतील तर प्रश्न खरा आहे.

स्पीक-ईझी वापरताना एक तक्रार नेहमी ऐकू येते: नेटवर्क एक तर पूर्ण रिकामे, नाही तर पूर्ण भरलेले. इथे लॅम्डाच्या (नेटवर्क किती विरळ ठेवायचे ते ठरवणाऱ्या आकड्याच्या) मार्गाकडे बघा. स्थैर्याचे मूल्य ०.०५ च्या जवळ पोहोचले पाहिजे. ते फार कमी राहिले तर लॅम्डाचे किमान गुणोत्तर आणखी खाली न्या आणि लॅम्डाच्या पायऱ्या वाढवा. उपनमुन्यांची आवर्तने २० वर ठेवली असतील तर ५० किंवा त्याहून जास्त करा. एवढ्याने न सुटलेली तक्रार क्वचितच उरते.

इतर पद्धतींसाठी स्वतः उपनमुने काढा: प्रत्येक वेळी ८० टक्के नमुने घेऊन नेटवर्क बनवा, शंभर वेळा, आणि प्रत्येक दुवा किती वेळा आला ते मोजा. ९० हून जास्त वेळा आलेले ठेवा.

आणि आता कट-ऑफ. तो पानावरून उचलू नका, ढवळलेल्या तक्त्यावरून ठरवा. कट-ऑफ हळूहळू वाढवत जा. ढवळलेल्यातून येणारे दुवे खऱ्यातून येणाऱ्यांच्या ५ टक्क्यांच्या खाली गेले की थांबा. तो आकडा ०.५३ निघाला तर ०.५३, ०.७८ निघाला तर ०.७८. पद्धतीच्या वर्णनात कट-ऑफबरोबर ढवळलेल्या तक्त्यातली दुव्यांची संख्याही लिहा; परीक्षकाचे अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

उरलेल्या दुव्यांचे काय करायचे

सगळे करून ८,००० चे ६० उरले तर घाबरू नका. आता मात्र वाचताना सैल सुटू नका.

‘नेटवर्कचे क्लस्टरिंग यादृच्छिक नेटवर्कपेक्षा जास्त आहे’ हे वाक्य गाळा. सहसंबंधातून काढलेल्या जवळजवळ प्रत्येक नेटवर्कमध्ये ते जास्तच येते, कारण क-ख आणि ख-ग घट्ट असले की क-ग आपोआप जुळतो. तुलना करायचीच तर त्याच ढवळलेल्या तक्त्यातून निघालेल्या नेटवर्कशी करा.

मापाचेही भान हवे. नेहमीच्या किटमध्ये पाव ग्रॅम माती जाते. जीवाणू असतो साधारण एक मायक्रोमीटरचा, आणि मातीचे सूक्ष्म कण-समूह २५० मायक्रोमीटरच्या आतले. पाव ग्रॅममध्ये असे कण-समूह हजारोंनी असतात. दोन जीव त्या नळीत एकत्र सापडले म्हणजे ते मातीत एकमेकांना कधी भेटले असे नव्हे.

आणि ‘कीस्टोन’, म्हणजे काढला तर सगळा समुदाय बदलेल असा जीव. हा शब्द रॉबर्ट पेन यांनी १९६९ मध्ये वापरला तो समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांवरून तारामासे प्रत्यक्ष उचलून काढल्यावर आणि मागे काय उरते ते पाहिल्यावर. बिट्वीननेस (इतर नोडमधल्या वाटांवर हा नोड किती वेळा येतो) जास्त निघाली म्हणून एखाद्या ओटीयूला (सारख्या अनुक्रमांच्या गटाला) ते बिरुद देणे म्हणजे प्रयोगाशिवाय निकाल लावणे. गंमत म्हणजे डेव्हिड बेरी आणि स्टेफनी विडर यांनी २०१४ मध्ये बनावट समुदायांवर हे तपासले, तेव्हा खऱ्या कीस्टोनशी जुळणारी लक्षणे निघाली ती जास्त डिग्री (दुव्यांची संख्या), जास्त क्लोजनेस (बाकी नोडशी जवळीक) आणि कमी बिट्वीननेस. मातीवरच्या कित्येक लेखांत बिट्वीननेसचा निकष नेमका उलटा लावलेला दिसतो.

दुवा खरा आहे का हे पाहायचे तर दोघांना वाढवून बघावे लागते: निर्जंतुक मातीत एकेकटे, आणि मग एकत्र. त्यासाठी जोड्या निवडताना सर्वांत घट्ट दुवा घेऊ नका. वेगवेगळ्या ठिकाणी टिकलेला आणि ज्यातले दोन्ही जीव माध्यमावर वाढतात असा घ्या. मातीतले बहुतेक जीव वाढत नाहीत, त्यामुळे यादी आपोआप आखूड होते. माती निर्जंतुक करायला शक्यतो गॅमा किरण वापरा. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने विरघळणारा कर्ब आणि मँगनीज मोकळे होतात, आणि मग दोघांच्या वाढीतला फरक सोबतीमुळे की त्या आयत्या अन्नामुळे, हे वेगळे काढता येत नाही.